वॉरंट नसताना पोलीस घरात आले तर? आणि यायला हवेत तेव्हा येत नसतील तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या कोर्टात मोफत विधी साहाय्याचे एक टेबल असते. त्या टेबलावर मी विधी स्वयंसेवक म्हणून बसतो. येणारे लोक साधारण दोन प्रकारचे असतात. एक सांगतात, "काल पोलीस घरात शिरले, कपाट उचकटलं, गाद्या उलट्या केल्या आणि कागद काहीच दिला नाही." दुसरे सांगतात, "शेजारच्या आजीला आठ दिवस कोंडून ठेवलंय, पण पोलीस म्हणतात घरगुती मामला आहे, आम्ही कसे शिरणार?" कधीकधी दोघेही एकाच ठाण्याच्या हद्दीतले निघतात. म्हणून दोन्हींची उत्तरे एकाच ठिकाणी देतो आहे.

आधी एक खुलासा. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, पण जुन्या हवालदारांच्या तोंडी अजून जुनेच आकडे आहेत. म्हणून गरज वाटली तिथे दोन्ही दिले आहेत. खाली नुसते 'संहिता' किंवा कायद्याचे नाव न घेता नुसते कलम लिहिले असेल तिथे नागरिक सुरक्षा संहिता समजावी.

घरात यायला पोलिसांना वॉरंट लागतेच ना?

नाही. ही समजूत सिनेमाने करून दिली आहे. वॉरंटशिवाय आत येण्याच्या दोन मुख्य वाटा कायद्यात आहेत. ज्याला अटक करण्याचा अधिकार पोलिसांना आहे तो माणूस या घरात आहे असे मानायला कारण असेल, तर कलम ४४ (जुने ४७) लागते. तपासासाठी एखादी वस्तू तातडीने हवी असेल, तर कलम १८५ (जुने १६५) लागते. याशिवाय अमली पदार्थांसारख्या खास कायद्यांत वेगळ्या तरतुदी आहेत. त्यामुळे "वॉरंट दाखवा" म्हणण्यापेक्षा "कोणत्या कलमाखाली आलात आणि गुन्हा रजिस्टर नंबर काय?" हे विचारा. वॉरंट मागितले तर "लागत नाही" एवढ्यावर विषय संपतो. कलम विचारले की साहेबांना थोडे थांबून उत्तर द्यावे लागते.

वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर पोलिसांवर काय बंधने आहेत?

पुष्कळ आहेत. कलम १८५ वापरायला आधी तपास चालू असलेला गुन्हा लागतो. त्या गुन्ह्याच्या तपासासाठी लागणारी अमुक वस्तू अमुक जागी सापडेल असे मानायला वाजवी कारण लागते. आणि एरवीच्या मार्गाने ती वस्तू मिळवण्यात नको तेवढा उशीर होईल, अशी परिस्थिती लागते. ही कारणे अधिकाऱ्याने केस डायरीत लिहायची असतात, आणि कोणती वस्तू शोधतो आहोत तेही शक्य तितके नेमके लिहायचे असते. त्याला स्वतः जाता येत नसेल, तर हाताखालच्या माणसाला जागा आणि वस्तू लिहून लेखी हुकूम द्यावा लागतो. "साहेबांनी फोनवर सांगितलं" हे पुरत नाही.

नव्या संहितेने दोन गोष्टी वाढवल्या. कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रण करायचे, मोबाइलवर केले तरी चालते, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे. दुसरे म्हणजे १८५ खाली लिहिलेल्या नोंदीची प्रत जवळच्या दंडाधिकाऱ्यांकडे ४८ तासांच्या आत गेली पाहिजे. घरमालकाने किंवा घरात राहणाऱ्याने अर्ज केला, तर ती प्रत त्याला फुकट मिळते. इतकी वर्षे टेबलावर बसतो, पण हा अर्ज केलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटली. झडतीनंतर आठवड्याभरात दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज टाका. नोंद असेल तर हाती येईल. नसेल तर ती नाही हे त्याच अर्जातून कळेल.

पंचनाम्यावर सही करताना काय बघायचे?

इथे थोडे सविस्तर सांगतो, कारण पुढे सगळे या कागदावर ठरते.

कलम १०३ (जुने १००) प्रमाणे झडतीआधी त्या भागातले दोन किंवा जास्त स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून बोलवायचे असतात. झडती त्यांच्यासमोर घ्यायची, जप्त वस्तूंची यादी करायची आणि तिच्यावर पंचांच्या सह्या घ्यायच्या. घरात राहणाऱ्याला किंवा त्याच्या वतीने कुणाला झडतीभर हजर राहू द्यायचे आणि यादीची प्रत द्यायची. बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची, तीही सभ्यता पूर्ण सांभाळून.

प्रत्यक्षात काय होते? पंचनामा "आम्ही खाली सह्या करणार पंच, पोलिसांनी बोलावल्यावरून..." असा सुरू होतो, आणि पंच असतात ठाण्यासमोरच्या टपरीवरचे नेहमीचे दोघे. सोन्याला सोने लिहीत नाहीत, 'पिवळ्या धातूच्या बांगड्या' लिहितात. त्यात गैर काही नाही. सराफाने तपासेपर्यंत ते सोने आहे हे पोलीस कशावरून म्हणतील? अडचण पुढच्या शब्दांत असते. एका घरातल्या आजींच्या डब्यात चार पाटल्या आणि एक बोरमाळ होती. पंचनाम्यात लिहिले होते, 'पिवळ्या धातूचे दागिने, जुने वापरते'. नग नाही, वजन नाही. आजींनी अंगठा दिला. परत मिळवायची वेळ आली तेव्हा किती होते यावरच सहा महिने गेले.

म्हणून नग मोजून लिहायला लावा. वजन होत नसेल तर निदान वर्णन तरी हवे: तुटलेली कडी, कोरलेले नाव, ठेवलेला डबा. कोऱ्या कागदावर सही करू नका. मजकूर पटत नसेल तर सहीशेजारी 'मजकूर मान्य नाही' असे मराठीत लिहून तारीख आणि वेळ टाका.

तुम्हालाच पंच व्हायला सांगितले तर? लेखी हुकूम हातात देऊनही योग्य कारणाशिवाय नकार दिला तर तो गुन्हा ठरतो. जा, पण जे डोळ्यांनी पाहिले त्यावरच सही करा.

"नुसती चौकशी करायची आहे, ठाण्यात चला" म्हणाले तर?

साक्षीदार म्हणून बोलवायचे तर कलम १७९ खाली लेखी आदेश लागतो. १५ वर्षांखालचा मुलगा, ६० वर्षांवरचा पुरुष, कुठल्याही वयाची स्त्री, मानसिक किंवा शारीरिक अपंगत्व असलेली व्यक्ती आणि गंभीर आजारी माणूस यांना राहत्या जागेबाहेर बोलावता येत नाही. त्यांचा जबाब घरीच घ्यायचा. स्वतःहून जायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. जुन्या कायद्यात पुरुषांसाठी ही मर्यादा ६५ होती.

संशयित म्हणून बोलावणे असेल आणि अटकेची गरज नसेल, तर कलम ३५(३) ची नोटीस येते, जिला लोक अजून '४१ अ ची नोटीस' म्हणतात. ती आली की जाणे भाग आहे.

रात्री येऊ शकतात का?

झडतीला रात्रीची सरसकट मनाई नाही, ही अनेकांची निराशा करणारी गोष्ट आहे. मात्र स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थिती असेल तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यायची असते. अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ४२ प्रमाणे वॉरंटशिवाय प्रवेश सूर्योदय ते सूर्यास्त एवढाच. त्यानंतर जायचे असेल तर, वॉरंट आणेपर्यंत पुरावा किंवा आरोपी निसटेल असे का वाटते, हे लिहून मगच.

आम्ही पारधी. पालावर कधीही येतात, भांडी फेकतात. पाल म्हणजे घर धरतात का कायद्यात?

धरतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम १४७ कुणाकडून तरी वाचून घ्या. कायदेशीर अधिकार किंवा वाजवी कारण नसताना पोलीस अधिकारी एखाद्या इमारतीत, जहाजात, तंबूत किंवा जागेत शिरला किंवा त्याने झडती घेतली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'तंबू' हा शब्द कलमातच आहे. विनाकारण जप्ती, विनाकारण अटक आणि ताब्यातल्या माणसाला मारहाण हेही त्याच कलमात येते. शिक्षा किरकोळ आहे, हे खरे. पण पालाला दार नाही म्हणून ते घर नाही, असा युक्तिवाद या कलमापुढे टिकत नाही.

दुसरा आधार सर्वोच्च न्यायालयाचा आहे. उत्तर प्रदेशात खरक सिंग नावाच्या माणसाला १९४१ मध्ये दरोड्याच्या प्रकरणात धरले आणि पुराव्याअभावी सोडले. तरी पोलिसांनी त्याच्या नावाने हिस्ट्रीशीट, म्हणजे पाळतीवरच्या गुन्हेगारांची नोंद, उघडले. मग गावचा चौकीदार, कधी शिपाई, रात्री येऊन दार ठोठावायचे, ओरडून त्याला उठवायचे. तो कोर्टात गेला. डिसेंबर १९६२ मध्ये न्यायालयाने रात्रीच्या या घरभेटींचा नियम घटनाबाह्य ठरवून रद्द केला. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे मात्र त्या निकालात मानले नव्हते. ते व्हायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी तो हक्क एकमताने मान्य केला.

अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा. तो देशभरातून रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. तालुक्यात चोरी झाली की पहिली जीप अजून पालाकडेच वळते, हे मी नव्याने सांगायला नको. अशा वेळी आलेल्यांच्या छातीवरची नावे लिहून ठेवा. अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या अंगावर नाव स्पष्ट दिसले पाहिजे, अटकेचे टिपण करून त्यावर घरच्या किंवा वस्तीतल्या साक्षीदाराची सही घेतली पाहिजे, असे कलम ३६ सांगते. नावाची पट्टी नसेल तर गाडीचा नंबर घ्या.

दार लावून घेतले तर? अडवले तर?

अंगावर जाऊ नका. हात लावला की 'जुने ३५३', म्हणजे आता न्याय संहितेचे कलम १३२ लागते, आणि मूळ चूक कुणाची होती ते मागे पडते. पोलिसांनी अधिकार आणि उद्देश सांगून आत येऊ देण्याची मागणी केली आणि तरी प्रवेश मिळाला नाही, तर अटकेसाठी दार तोडण्याचा अधिकारही कलम ४४ देते. तोंडी हरकत घ्या, मोठ्याने घ्या, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी घ्या. मग बाजूला उभे राहून बघा.

झडतीच बेकायदा असेल तर सापडलेला माल पुराव्यातून बाद होतो ना?

आपोआप होत नाही. अमेरिकेत तसे होते, आपल्याकडे नाही. पूरणमल (१९७४) आणि सोन्याच्या तस्करीचा नटवरलाल सोनी खटला (१९७९) या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, झडतीतल्या बेकायदेशीरपणामुळे जप्ती रद्द होत नाही. फार तर पुरावा जास्त काळजीने तपासावा लागतो. 'झडती बेकायदा, म्हणजे केस गेली' असे सांगून कुणी फी मागत असेल तर दुसऱ्या वकिलाकडे जा.

पोलिसांविरुद्ध तक्रार कुठे करायची?

पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण, राज्य मानवी हक्क आयोग, दंडाधिकाऱ्यांकडे खाजगी फिर्याद, उच्च न्यायालयात रिट. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण वकील देते. फोन १५१००.

शेजारच्या आजींना मुलगा-सून खोलीत कोंडतात. पोलीस म्हणतात, घरगुती मामला. खरे आहे का?

हा प्रश्न दुसऱ्या बाजूचा, आणि माझ्या मते जास्त अडलेला. चोरीचा मोबाइल शोधायला वॉरंटशिवाय शिरणाऱ्या ठाण्याला इथे अचानक राज्यघटना आठवते.

तक्रार कशी मांडली यावर बरेच अवलंबून असते. "सून आजींना चापट मारते" एवढेच सांगितले की ठाणे अंमलदार एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, घेतो. साधी दुखापत अदखलपात्र आहे, दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. घरी एनसीची प्रत येते आणि दार होते तसेच बंद राहते. पण बाहेरून कडी लावून ठेवणे म्हणजे न्याय संहितेच्या कलम १२७ चा गैर बंदिवास. तो दखलपात्र आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत, तीन किंवा जास्त दिवस कोंडले तर तीन वर्षांपर्यंत, दहा किंवा जास्त दिवस झाले तर पाच वर्षांपर्यंत. म्हणून तक्रारीत दिवस मोजून लिहा.

एका प्रकरणात शेजारच्या मावशींनी काय काय पाहिले होते ते असे: कडी बाहेरून, तिच्यात कुलपाऐवजी चमचा अडकवलेला. दुपारी दाराखालच्या फटीतून स्टीलची ताटली आत सरकायची आणि संध्याकाळी तशीच परत यायची, पोळीचा तुकडा कडक झालेला. "हाल करतात" हा शब्द त्यांनी सहा वेळा वापरला, चमचा आणि ताटली एकदाही सांगितली नाही. आम्ही चमचा, ताटली आणि तारखा लिहिल्या. मग हालचाल झाली.

पोलीस शिरू शकतात का? दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून मध्ये पडणे हे कलम १६८ प्रमाणे त्यांचे कर्तव्य आहे. कोंडणारा घरात असेल आणि त्याला अटक करायची असेल, तर ४४ आहेच. तरी ते कचरत असतील तर कलम १०० (जुने ९७) वापरा. जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी, म्हणजे आपले प्रांत, किंवा प्रथमवर्ग दंडाधिकारी यांना वाटले की एखाद्याला गुन्हा ठरेल अशा रीतीने कोंडले आहे, तर ते शोध वॉरंट काढू शकतात. माणूस सापडला की लगेच दंडाधिकाऱ्यांसमोर न्यायचा. प्रांत कार्यालयात हा अर्ज देणारे इतके कमी असतात की कधीकधी कारकुनालाच कलम दाखवावे लागते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. प्रत्येक बाहेरची कडी म्हणजे छळ नव्हे. स्मृतिभ्रंश झालेले आजोबा तीनदा हायवेवर सापडले म्हणून कामाला जाताना कडी लावणारी सूनही मी पाहिली आहे. तिला गुन्ह्याची नाही, दिवसभराच्या मदतीची गरज होती.

कोंडलेल्या व्यक्तीला मानसिक आजार असेल तर?

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ चे कलम १०१. हद्दीतल्या मानसिक आजारी व्यक्तीचा घरात छळ होतो किंवा तिच्याकडे दुर्लक्ष होते असे मानायला कारण असेल, तर ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने ते ताबडतोब दंडाधिकाऱ्यांना कळवायचे आहे. खबर कुणीही देऊ शकते. दंडाधिकारी त्या व्यक्तीला समोर आणायला सांगू शकतात आणि तपासणीसाठी दहा दिवसांपर्यंत दाखल करण्याचा लेखी आदेश देऊ शकतात.

रस्त्यावर भटकताना आढळलेल्यांसाठी याच अधिनियमाचे कलम १०० आहे. संरक्षणात घ्या, २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्या, आणि लॉकअपमध्ये कोणत्याही परिस्थितीत ठेवू नका. "रात्रभर इथेच बसवतो, सकाळी बघू" याला जागा नाही.

आणि अपंग व्यक्ती असेल तर?

अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ७. अर्ज कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, व्यवहारात तहसीलदारांकडे. सुटका करण्याचा, पोलिसांना किंवा संस्थेला त्यासाठी अधिकार देण्याचा आणि पोटगी ठरवण्याचा अधिकार त्यांना आहे. पोलिसांकडे गेलात तर त्यांनी तुम्हाला हे सगळे सांगायचे असते, आणि दखलपात्र गुन्हा असेल तर तो नोंदवायची त्यांची जबाबदारी तरीही उरतेच.

मुलगा मारतो, पण "पोराला जेलात घालू नका" असे आई म्हणते. मग काय?

बहुतेक आया हेच म्हणतात. त्यांच्यासाठी पालक व ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ बरा पडतो. अर्ज प्रांतांच्या न्यायाधिकरणापुढे, तिथे वकील लागत नाही आणि चालतही नाही. निर्वाह भत्ता महिन्याला कमाल १०,००० रुपये. सांभाळण्याच्या अटीवर घर किंवा जमीन लिहून दिली असेल आणि सांभाळ होत नसेल, तर कलम २३ खाली ते हस्तांतरण रद्द करता येते. बक्षीसपत्रात ती अट लिहून घ्या. वाऱ्यावर सोडून दिले तर कलम २४ आहे: तीन महिने कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि तो दखलपात्र आहे.

छळ होणारी बाई असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदाही आईला वापरता येतो. २०१६ मध्ये मुंबईच्याच हरसोरा कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातला 'प्रौढ पुरुष' हा शब्दप्रयोग काढून टाकला, त्यामुळे सुनेविरुद्धही दाद मागता येते. उलट, सुनेला बाहेर काढण्यासाठी ज्येष्ठ नागरिक कायद्याची ढाल करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या वनिता निकालाने बजावले आहे.

एकटे राहणाऱ्यांकडे पोलीस कधी येतात का?

यायला हवेत. महाराष्ट्राच्या २०१० च्या नियमांप्रमाणे ठाण्याने हद्दीतल्या ज्येष्ठांची, विशेषतः एकटे राहणाऱ्यांची यादी ठेवायची आणि महिन्यातून एकदा तरी त्यांना भेटायचे, शक्यतो सामाजिक कार्यकर्त्याला सोबत घेऊन. ठाण्यात जाऊन नाव नोंदवा. बोलायला, मार्ग विचारायला १४५६७, तातडीला ११२.

पोलीस घरात असताना ८० वर्षांचे वडील आहेत, किंवा बौद्धिक अक्षम भाऊ आहे. काय सांगू?

आल्याबरोबर सांगा, घाबरून गप्प राहू नका. औषधांची चिठ्ठी आणि अपंगत्वाचे प्रमाणपत्र दाराजवळच्या खणात ठेवा. आरोप त्यांच्यावरच असेल आणि गुन्ह्याची शिक्षा तीन वर्षांपेक्षा कमी असेल, तर दुर्बल किंवा ६० वर्षांवरच्या व्यक्तीला उपअधीक्षकांपेक्षा कमी दर्जा नसलेल्या अधिकाऱ्याच्या आधी घेतलेल्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही, कलम ३५(७). ही तरतूद नवी आहे, ठाण्यात सगळ्यांना ठाऊक असेलच असे नाही.

'सुटका' म्हणून पोलीस आणून कुणी म्हाताऱ्यांना घराबाहेर काढत असेल तर?

असेही होते. जमिनीचा भाव वाढला की लांबच्या पुतण्याला काकूंची काळजी वाटू लागते. शुद्धीवर असलेली प्रौढ व्यक्ती कुणाकडे राहायचे ते स्वतः ठरवते. पोलिसांना एवढेच सांगा: आजींना दुसऱ्या खोलीत, महिला पोलिसासमोर, मुलगा नको आणि पुतण्याही नको, असे एकटीला विचारा. ऐकू कमी येत असेल तर मोठ्याने, पण एकटीलाच. आणि उत्तर त्यांच्या शब्दांत लिहून घ्या.

अर्ज कसा लिहायचा?

साध्या कागदावर, मराठीत. वर 'प्रति, मा. उपविभागीय दंडाधिकारी' आणि विषय 'नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०० खाली शोध वॉरंटबाबत'. मग चार गोष्टी: कोण, कुठल्या खोलीत, कोणत्या तारखेपासून, आणि मी स्वतः काय पाहिले किंवा ऐकले. ऐकीव असेल तर 'ऐकले' असेच लिहा. दोन प्रती न्या. दुसरीवर आवक विभागाचा शिक्का, नंबर आणि तारीख घ्या. शिक्का लंच टाइमनंतर मिळतो म्हणाले, तर तिथेच बाकावर बसून राहा.